‘फ्री’ म्हणजे फुकट की मोकळं?

“उद्या फ्री आहेस का?” या प्रश्नाला “हो” म्हणणारा माणूस आपला वेळ फुकट वाटायला निघालाय, असं कुणी समजत नाही. “ती स्वभावाने एकदम फ्री आहे” म्हटल्यावर तिची किंमत शून्य ठरत नाही. “दोनावर एक फ्री” ही पाटी वाचून त्या तिसऱ्याची कुणाच्या तावडीतून सुटका झाली, असा प्रश्न पडत नाही. आणि ‘शुगर-फ्री’ लिहिलेला डबा, आतली साखर फुकट मिळते म्हणून कुणी उचलत नाही. चार वाक्यं, चार अर्थ, गोंधळ शून्य. मग तक्रार कसली?

तक्रार पाचव्या वाक्याबद्दल आहे. “हे अ‍ॅप फ्री आहे.” इथे कोणता अर्थ घ्यायचा? पैसे पडत नाहीत, हा? वापरणारा मोकळा आहे, हा? की बनवणाराच काहीही करायला मोकळा आहे, हा? सांगणाऱ्याच्या मनात एक अर्थ असतो, ऐकणाऱ्याला दुसरा ऐकू येतो, आणि त्या दोहोंमधल्या फटीत अब्जावधींचा धंदा उभा आहे. एका शब्दाला अनेक अर्थ असणं ही भाषेची नेहमीची गोष्ट आहे, तिच्यावर कोशकारांनी खुशाल बोलावं. पण त्या अनेक अर्थांतला आपल्या सोयीचा अर्थ निवडून दुसऱ्याला भलताच ऐकू देणं हा व्यवहाराचा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की विकणाऱ्याने, कायद्याने आणि आपणही ‘फ्री’ म्हणताना कोणता फ्री ते सांगायला हवं. मराठीत तर ते सांगणं फारच सोपं आहे.

आधी शब्दाची कुंडली पाहू, कारण ती मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘फ्रेओ’ असा होता. त्याचे भाऊबंद जर्मन, डच, गॉथिक या सगळ्या जर्मानिक भाषांत सापडतात. त्यांच्याही मागे गेलं की इंडो-युरोपीय भाषांच्या समाईक घरातला एक धातू भेटतो, ‘प्री’. अर्थ: प्रेम करणं. संस्कृतातले ‘प्रिय’ आणि ‘प्रीती’ याच धातूचे. म्हणजे ‘फ्री’ आणि ‘प्रिय’ ही चुलत भावंडं. इंग्रजीतला ‘फ्रेंड’ही त्याच कुळातला, मुळात तो ‘प्रेम करणारा’. ‘फ्रायडे’ ज्या फ्रिग देवीच्या नावावरून आला, तिचं नावही इथलंच.

प्रेमाचा शब्द स्वातंत्र्याकडे कसा गेला? याचा नेहमी दिला जाणारा खुलासा असा: त्या काळच्या घरात दोन प्रकारची माणसं असत. एक घरची, जिवाभावाची, दुसरी गुलाम. जो ‘प्रिय’ तो घरचा, आणि जो घरचा तो गुलाम नव्हे. लॅटिनमध्येही ‘लिबेरी’ या एकाच शब्दात घरची मुलं आणि स्वतंत्र माणसं दोन्ही येतात. त्याहून फार जुनी सुमेरी भाषा. तिच्यात कर्जापायी दास्यात गेलेल्यांच्या सुटकेला जो शब्द होता, ‘अमागी’, त्याचा शब्दशः अर्थ ‘आईकडे परतणं’ असा लावला जातो. मला हे फार लक्षणीय वाटतं. आज आपण फ्री म्हणतो तेव्हा कुणाशीच बांधलेला नाही असा एकटा माणूस डोळ्यांसमोर येतो. मुळात फ्री होता तो कुणाचा तरी असलेला माणूस. ज्याला जायला आपलं घर नाही तो गुलाम.

त्यानंतर अर्थ सरकत गेला. मध्ययुगीन इंग्रजीत फ्री म्हणजे खानदानी, आणि म्हणून दिलदार. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने आपल्या काव्यातल्या सरदाराचे गुण सांगताना ‘फ्रीडम’ हा शब्द वापरला, तो औदार्य या अर्थाने. सढळ हाताने देणारा तो फ्री. मग त्याने दिलेली वस्तूही फ्री. ‘पैसे न घेता’ हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळलेला दिसतो. म्हणजे फुकट या अर्थाच्या ‘फ्री’मध्येही मुळात देणाऱ्याचा मोठेपणा होता: त्याच्यावर सक्ती नव्हती, त्याला परतफेड नको होती. आज देणाऱ्याचा मोठेपणा गेला, परतफेडीची चोख व्यवस्था आली, शब्द मात्र जुनाच दारावर टांगलेला आहे.

आता आपल्या घरात डोकावू. इंग्रजीने एका शब्दावर जो संसार चालवला, त्यासाठी मराठीत भलं मोठं गणगोत आहे. फुकट, मोफत, विनामूल्य, निःशुल्क हे एका ओसरीवर. मोकळा, मुक्त, स्वतंत्र, सुटा हे दुसरीकडे. वेळेसाठी रिकामा आणि सवड. परवानगीसाठी मुभा आणि मोकळीक. एखादी गोष्ट नसण्यासाठी ‘बिन’ आणि ‘विरहित’. आणि मोकळ्याच्या शेजारीच दिसणारा, पण फार वेगळ्या वृत्तीचा मोकाट. बलवान लोक ज्याला आपलं स्वातंत्र्य म्हणतात त्याला मराठी माणूस बरेचदा ‘मोकळं रान’ म्हणतो, आणि त्या दोन शब्दांत अख्खा राजकीय लेख असतो.

यांतला सगळ्यांत शहाणा शब्द मला ‘फुकट’ वाटतो. ‘मोफत’ फारसीतल्या ‘मुफ्त’वरून आला, तो सभ्य आहे. ‘विनामूल्य’ला इस्त्री केलेली आहे. ‘फुकट’च्या पोटात मात्र संशय आहे. वस्तू फुकट मिळाली आणि मेहनत फुकट गेली, दोन्हीकडे शब्द तोच. ज्याला काही पडत नाही ते आणि ज्यातून काही निघत नाही ते, या दोघांना मराठीने एकाच खुंटीला बांधून ठेवलं. शिवाय फुकट्या, फुकटची फौजदारी, फुकटचा मोठेपणा. हा शब्द ऐकला की माणूस कान टवकारतो. जाहिरात लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो ‘फुकट’ क्वचितच लिहितो. ‘फ्री’ला असा वास येत नाही. त्यात थोडी स्वातंत्र्याची झुळूक असते, थोडी दिलदारी असते, आणि लाज अजिबात नसते.

या शब्दाच्या जोरावर माल खपवण्याची कला जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या दारूच्या गुत्त्यांत ‘फ्री लंच’ असे. एक पेला विकत घ्या, जेवण फुकट. पदार्थ बरेचदा खारट असत, आणि खारट खाल्लं की तहान लागते. ‘जगात फ्री लंच नावाची गोष्ट नसते’ ही म्हण तिथल्याच वातावरणातली. पुढे १९७०च्या दशकात अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ती गाजवली. (त्यांच्या आडनावातही फ्री आहे, हा निव्वळ योगायोग.)

मला त्याहून आवडतो तो रंगाच्या डब्यांचा खटला. मेरी कार्टर नावाची अमेरिकन रंगकंपनी एका डब्यावर दुसरा डबा फ्री देत असे. वर्षानुवर्षं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने विचारलं, की एकच डबा तुम्ही या किमतीला कधी विकला आहे का? विकला नव्हता. मग ती किंमत एका डब्याची नव्हतीच, दोन डब्यांची होती, आणि फ्री काहीच नव्हतं. १९६५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कमिशनची बाजू उचलून धरली. १९७१ मध्ये कमिशनने ‘फ्री’ हा शब्द जाहिरातीत कसा वापरावा, याची स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. युरोपीय संघाच्या २००५ सालच्या ग्राहक-निर्देशात तर कोणत्याही परिस्थितीत अनुचित ठरणाऱ्या व्यापारी प्रथांची एक काळी यादी आहे. ग्राहकाला प्रतिसाद देण्याचा किंवा वस्तू आणण्या-पोहोचवण्याचा अटळ खर्च सोडून आणखी काही द्यावं लागत असताना वस्तूला ‘फ्री’ म्हणणं, हे त्या यादीत आहे. एका साध्या विशेषणावर एवढी नजर ठेवावी लागते, यातच त्याची ताकद कळते.

ही ताकद प्रयोगातही मोजली गेली आहे. शॅम्पॅनियर, मझार आणि एरियली या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांपुढे दोन चॉकलेटं ठेवली होती, एक उंची आणि एक साधं. उंची १५ सेंटला आणि साधं १ सेंटला असताना बहुतेकांनी उंची निवडलं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली: १४ आणि शून्य. फरक तेवढाच राहिला, पण आता बहुतेकांनी साधं उचललं. एक सेंट आणि शून्य यांत हिशेबाने एका सेंटचं अंतर आहे. मनाच्या दृष्टीने तिथे दरी आहे. शून्य दिसलं की आपण तुलना करणं सोडतो.

आता ही दरी लक्षात ठेवून फेसबुककडे या. ‘हे फ्री आहे आणि नेहमीच राहील’ हे वाक्य त्यांच्या नोंदणीच्या पानावर वर्षानुवर्षं होतं. या वाक्यावर युरोपात दोन ठिकाणी वाद झाला, आणि दोन्हीकडचा निकाल एकमेकांच्या तोंडावर मारल्यासारखा आहे. २०१८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने काही गोपनीयता-सेटिंग्जबद्दल कंपनीला फटकारलं, पण या घोषवाक्यात गैर काही मानलं नाही. तर्क असा, की ग्राहक पैसे देत नाही, आणि पैशांव्यतिरिक्त जे देतो त्याला खर्च म्हणता येणार नाही. त्याच वर्षी इटलीच्या स्पर्धा-नियामकाने उलट भूमिका घेतली: माहितीचा व्यापार होणार आहे हे न सांगता फ्री म्हणणं ही दिशाभूल आहे. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याबद्दलचा ५० लाख युरोंचा दंड कायम केला. मधल्या काळात, २०१९ मध्ये, ते वाक्य पानावरून गुपचूप उतरलं. त्याच्या जागी आलं, ‘हे झटपट आणि सोपं आहे’. वकिलाने लिहिल्यासारखं वाक्य.

बर्लिनचा तर्क मला पटत नाही, आणि कारण कायद्याच्या पुस्तकात शोधायची गरज नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने युरोपात दुसरा पर्याय ठेवला: माहिती जाहिरातींसाठी वापरू द्या, नाहीतर महिन्याला पैसे भरा. वेबवर ९.९९ युरो, मोबाइलवर १२.९९. ज्या गोष्टीला खर्च म्हणता येत नाही असं न्यायालय सांगत होतं, तिच्यावर दुकानदारानेच किमतीचं लेबल चिकटवलं. एका डब्याची किंमत अखेर कळली. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने या ‘पैसे द्या किंवा संमती द्या’ योजनेवरून कंपनीला २० कोटी युरोंचा दंड ठोठावला, कारण असल्या पेचात दिलेली संमती ही मोकळेपणाने दिलेली संमती नव्हे. कायद्याच्या इंग्रजीत तिथेही ‘फ्रीली’च आहे. फ्री सेवेसाठी फ्री संमती हवी होती, आणि ती फ्री नव्हती!

इथे भाषेची अजून एक गंमत पाहा. आज कुठल्याही सेवेच्या दोन आवृत्त्या असतात. एक ‘फ्री’, जिच्यात जाहिराती असतात. दुसरी ‘अ‍ॅड-फ्री’, जिच्यासाठी पैसे लागतात. फ्री असेल तर जाहिरातीपासून फ्री नाही, जाहिरातीपासून फ्री असेल तर फ्री नाही. हे इंग्रजीत बोलताना कुणाला खटकत नाही. मराठीत म्हणून पाहा: एक फुकट, दुसरी बिनजाहिरातीची. कोडं लगेच सुटतं, आणि कोडं सुटलं की सौदा दिसतो.

‘फ्री’ने ज्यांचं खरोखर नुकसान केलं असे लोक म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवाले. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये असं सॉफ्टवेअर बनवण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. त्यांचा मुद्दा किमतीचा नव्हताच. प्रोग्राम हवा तसा चालवता यावा, उघडून अभ्यासता आणि बदलता यावा, दुसऱ्याला देता यावा, आपण केलेले बदलही वाटता यावेत, या चार मुभा म्हणजे फ्री. प्रोग्रामर मंडळी असल्यामुळे त्या मुभांची मोजणी शून्यापासून तीनपर्यंत केलेली आहे. असं सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायलाही त्यांची हरकत नव्हती. पण जगाने फ्री म्हणजे फुकट एवढंच ऐकलं. “फ्री स्पीचमधला फ्री घ्या, फ्री बिअरमधला नव्हे” हे समजावण्यात त्यांची हयात गेली. शेवटी १९९८ मध्ये त्या वर्तुळातल्याच काही जणांनी कंटाळून नवं नाव काढलं, ‘ओपन सोर्स’. कंपन्यांना ते आवडलं. आणि नावाबरोबर प्रश्नही बदलला: वापरणाऱ्याच्या हक्काची गोष्ट मागे पडून उत्तम सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीची गोष्ट पुढे आली. एका संदिग्ध विशेषणाने चळवळीची दिशा वळवली, असं मी म्हणेन. फ्रेंच आणि स्पॅनिश लोकांना हा त्रास झाला नाही. त्यांच्याकडे मोकळ्यासाठी ‘लीब्र’ आणि ‘लिब्रे’ आहेत, फुकटसाठी वेगळे शब्द आहेत. आपल्याकडेही ‘मुक्त’ होताच.

कामाच्या जगात हा शब्द आणखी निसरडा होतो. ‘फ्रीलान्स’मधला लान्स म्हणजे भाला. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या ‘आयव्हान्हो’ कादंबरीत ‘फ्री लान्सेस’ भेटतात: कुठल्याही सरदाराला न बांधलेले, जो पैसे देईल त्याच्यासाठी लढणारे भालाईत. आज फ्रीलान्सर म्हटलं की स्वतःचा मालक असलेला माणूस समोर येतो. ते काही अंशी खरंच आहे. पण तो मालकापासून मोकळा होतो तेव्हा मालकही त्याच्यापासून मोकळा होतो: आजारपणातून, रजेतून, म्हातारपणाच्या तरतुदीतून. कोण कशापासून फ्री झालं, याचा हिशेब मांडायचा असेल तर कार्ल मार्क्सने १८६७ मध्येच मांडून ठेवलाय. जर्मनमधल्या ‘फ्राय’ला इंग्रजीसारखेच दोन पदर आहेत, आणि मार्क्सने त्यावर कडवट कोटी केली: कामगार दुहेरी अर्थाने फ्री आहे, आपली श्रमशक्ती विकायला मोकळा, आणि उत्पादनाच्या साधनांपासूनही मोकळा, म्हणजे हातात काहीच नसलेला. मार्क्स पटो न पटो, कोटी अचूक आहे.

मराठी इथेही जास्त नेमकी आहे असं मला एका उदाहरणावरून वाटतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१ मध्ये चार ‘फ्रीडम’ सांगितले: भाषणाचा, उपासनेचा, अभावापासूनचा आणि भयापासूनचा. इंग्रजीत चारही एका माळेचे मणी दिसतात. मराठीत सांगायला जा, तोंड आपोआप दोन शब्द निवडतं: भाषणस्वातंत्र्य, उपासनास्वातंत्र्य, पण अभावमुक्ती, भयमुक्ती. पहिली दोन आपण वापरायची असतात, दुसरी दोन कुणीतरी घडवून आणावी लागतात. पहिल्या दोहोंसाठी सत्तेने हात आखडता घेतला की बरंच साधतं, दुसऱ्या दोहोंसाठी तिला हात चालवावा लागतो. एवढा मोठा फरक इंग्रजी वाक्यात ‘ऑफ’ की ‘फ्रॉम’ या एका शब्दयोगी अव्ययावर लटकलेला आहे.

यावर एक आक्षेप येईल, की ही शुद्धिवाद्यांची जुनी रड आहे. तशी ती नाही. ‘फ्री’ आता मराठीच आहे; मी स्वतः दिवसातून दहा वेळा तो वापरतो आणि उद्या फ्री आहेस का, हेच विचारणार. गप्पांमध्ये संदिग्ध असण्याची सगळ्यांना मोकळीक असावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला नकाशा, पत्रव्यवहार, ज्ञानकोश, शिकवण्या एक पैसा न देता मिळतात, तुमच्या शब्दच्छलाचं त्याला काय? हे खरं आहे, आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. पण म्हणूनच विकिपीडियासारखा देणग्यांवर चालणारा, जाहिराती न दाखवणारा आणि मजकूर पुढे वापरायची मुभा देणारा ज्ञानकोश, आणि माझ्या प्रत्येक स्पर्शाची नोंद ठेवून ती विकणारं अ‍ॅप, या दोघांना एकच विशेषण लावणं हा पहिल्यावर अन्याय आहे. एक फुकटही आहे आणि मुक्तही. दुसरं यांपैकी एकही नाही.

तिसरा आक्षेप व्यावहारिक: शब्दाची व्याख्या कायद्याने करता येते का? येते की. अमेरिकेत एका वाढपात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तरच ‘शुगर-फ्री’ लिहिता येतं. म्हणजे तिथे फ्रीचा अर्थ ‘अजिबात नाही’ असाही नाही, ‘दुर्लक्ष करण्याइतकं कमी’ असा आहे; पण निदान आकडा आहे, आणि तो सगळ्यांना सारखा आहे. डब्यातल्या साखरेसाठी हे जमतं, तर फोनमधून बाहेर जाणाऱ्या माहितीसाठी का जमू नये? युरोपीय संघाच्या २०१९ सालच्या डिजिटल सेवांविषयीच्या निर्देशाने, ग्राहकाने पैशांऐवजी वैयक्तिक माहिती दिली तरी त्याला करारातले हक्क मिळतील, असं म्हणून अर्धं पाऊल टाकलंच आहे. उरलेलं अर्धं पाऊल शब्दाचं आहे. जिथे माहिती घेऊन सेवा दिली जाते, तिथे ‘फ्री’ लिहायला बंदी असावी.

मग लिहायचं काय, असं विचारतील. बटणावर जागा किती असते, म्हणतील. “पैसे लागत नाहीत. तुमची माहिती लागते.” सहा शब्द आहेत, मावतात.